स्टॅन्लीला पेंग्विन बघायचे तर कुठली सहल घ्यावी? जानेवारीत केप हॉर्नमार्गे निघालेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा आहे : जानेवारीत ब्युनोस आयर्सहून जहाज निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणार, वाटेत पुएर्तो माद्रिन, स्टॅन्ली (फॉकलंड बेटांची राजधानी), उश्वाया आणि पुंता अरेनास ही बंदरं. सोबत यजमान आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. प्रत्येक बंदरात पेंग्विनची सहल आहे, सगळ्या घेणं परवडणार नाही, तर कुठली घ्यावी? आणि जहाजाकडून घ्यावी की तिथल्या माणसांकडून?

हा प्रवास मी दोनदा केला आहे. पहिल्या वेळी स्टॅन्लीवरच सगळी भिस्त ठेवली होती. फॉकलंडला किंग पेंग्विन दिसणारच आहेत, मग बाकीच्या ठिकाणी कशाला पैसे घालवायचे, असा हिशेब केला. त्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला. साडेसातला कप्तानाने सांगितलं की टेंडर बोटी, म्हणजे प्रवाशांना जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटी, सोडता येणार नाहीत, आणि आम्ही समोर दिसणाऱ्या बेटाकडे बघत पुढे निघून गेलो. पुढच्या बंदरांतल्या जागा तोवर भरल्या होत्या. सबंध प्रवासात मला पेंग्विन दिसले ते डेकवरून, लांब पाण्यात उड्या मारणारे काळे ठिपके. हे अजून मनाला लागून आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

मोठी जहाजं स्टॅन्लीच्या धक्क्याला लागत नाहीत. ती बाहेर पोर्ट विल्यमच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडरने चिंचोळ्या तोंडातून आतल्या बंदरात नेतात. वारा वाढला की हा मार्ग बंद. भर उन्हाळ्यातही तिथे हे होतं आणि त्यात कोणाचा दोष नसतो. म्हणून स्टॅन्लीची सहल नक्की घ्या, पण एक सहल अशीही घ्या जी टेंडरवर अवलंबून नाही.

तुमच्या मार्गावर ती पुएर्तो माद्रिनला आहे, आणि तीही स्टॅन्लीच्या आधी. जहाज धक्क्याला लागतं आणि पुंता टोंबोला बसने जायचं असतं. मॅगेलॅनिक पेंग्विनच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक, 1979पासून संरक्षित आहे. अंतर साधारण 180 किलोमीटर, म्हणजे एकेक बाजू अडीच तास, आणि रस्ता रखरखीत माळरानातून. प्रवास कंटाळवाणा आहे हे खरं. पण पोचल्यावर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झुडपांखाली बिळं, बिळांच्या तोंडाशी पिल्लं, आणि समुद्रावरून पोट भरून परतणारे आईबाप तुमच्या वाटेतून आडवे जातात. वाट आधी त्यांची, आपण थांबायचं. जानेवारीत पिल्लं चांगली थोराड झालेली असतात, अंगावरची लव झडून खालची पिसं दिसू लागलेली असतात. आणि त्यांचं ओरडणं! गाढवाच्या रेकण्यासारखा आवाज एवढ्याशा पक्ष्यातून येतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ओळखायची खूण म्हणजे छातीवर दोन काळे पट्टे.

टोंबो बघून झालं की पुंता अरेनासची माग्दालेना बेटाची सहल मी तरी सोडून देईन. बेट सुंदर आहे, 1902चं दीपगृह आहे, पण पक्षी तेच मॅगेलॅनिक, वेळ दोरीने आखलेल्या वाटेवर जेमतेम तासभर, आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीत वारा उठला की तीही फेरी रद्द होते. एकाच जातीचे पेंग्विन दोनदा बघण्यापेक्षा तो दिवस गावात फिरायला ठेवा.

उश्वायाबद्दल एक सावधगिरी. तिथल्या बीगल खाडीतल्या मार्टिलो बेटावर मॅगेलॅनिक आणि जेंटू या पेंग्विनच्या दोन्ही जाती आहेत. सहलींची नावं सारखी वाटतात, पण दोन प्रकार पूर्ण वेगळे आहेत. एकात मोठी कॅटामरान बोट किनाऱ्याला टेकून थांबते आणि आपण डेकवरून बघायचं. दुसऱ्यात लहान गट बेटावर उतरून चालतो, आणि त्या जागा फार थोड्या असतात. माहितीपत्रकात ‘पेंग्विन बेटाची सफर’ असं लिहिलं असेल तर ‘आम्ही बेटावर उतरणार का?’ हा प्रश्न लेखी विचारा. गुडघ्यांचा विचार केला तर सासूबाईंना डेकवरून बघणं सोयीचंही आहे, तेव्हा तो प्रकार वाईट नाही. फक्त आपण काय घेतो आहोत हे आधी ठाऊक हवं.

आता स्टॅन्ली. फॉकलंडमध्ये पेंग्विनच्या पाच जाती पिल्लं वाढवतात, पण एका दिवसाच्या मुक्कामात तुमच्यासमोर खरे पर्याय तीनच.

जिप्सी कोव्ह गावापासून अगदी जवळ, थोड्या मिनिटांच्या अंतरावर, आणि स्वस्त. मॅगेलॅनिक तिथेही बिळांत असतात आणि आपण वाटेवरून, कठड्यापलीकडून बघतो. कधी पुष्कळ दिसतात, कधी बिळाच्या तोंडाशी एखादी चोच. टोंबो केलेलं असेल तर याची गरज नाही.

ब्लफ कोव्ह खाजगी शेताच्या जमिनीवर आहे. पक्क्या रस्त्याने जाऊन शेवटचा तुकडा फोर-व्हीलने माळावरून. येऊन जाऊन तीनेक तास. तिथे जेंटूंची मोठी वसाहत आहे : डोळ्यांवरून डोक्यापर्यंत पांढरा पट्टा, केशरी चोच. बरेचदा थोडे किंग पेंग्विनही असतात. जानेवारीत जेंटूंची पिल्लं घोळक्यात उभी असतात आणि समुद्रावरून आईबाप आले की भूक लागलेली पिल्लं त्यांच्यामागे धावत सुटतात. हे दृश्य मी अर्धा तास एकाच जागी उभा राहून बघितलं. गाडी पक्ष्यांच्या जवळपर्यंत जाते, जमीन सपाट आहे, आणि गरम चहाची जागा आहे. सासूबाईंसाठी ही सहल मला सर्वांत योग्य वाटते.

व्हॉलंटियर पॉइंट मात्र वेगळीच गोष्ट आहे. फॉकलंडमधली किंग पेंग्विनची सर्वांत मोठी वसाहत इथे. हात-सव्वा हात नव्हे, चांगला कमरेएवढा पक्षी, मानेवर पिवळ्या-केशरी रंगाचा तजेला, आणि बाजूला तपकिरी लोकरीचा अंगरखा घातल्यासारखी पिल्लं. हे पक्षी घरटं करत नाहीत. एकच अंडं पायांवर ठेवून त्यावर पोटाची घडी पांघरतात आणि सुमारे 54 दिवस आईबाप आळीपाळीने तसेच उभे राहतात. पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे कधीही गेलात तरी वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र दिसतात. दुसऱ्या वेळी मी तिथे पोचलो तेव्हा वाळूवर एका बाजूला बसून राहिलो. नियमाप्रमाणे आपण सहा मीटर लांब राहायचं, पण ते आपल्याजवळ आले तर त्यांना अडवायचं नाही. तिघे जण चालत आले, माझ्या बुटांकडे बघून उभे राहिले आणि सावकाश निघून गेले. पहिल्या प्रवासाचं दुःख त्या क्षणी धुऊन निघालं.

पण याची किंमत शरीराला मोजावी लागते. पहिला टप्पा खडीच्या रस्त्याचा, पुढे रस्ताच नाही. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीच्या, दलदलीतून फोर-व्हील गाड्या एकमेकींच्या सोबतीने जातात, म्हणजे एखादी रुतली तर दुसरी ओढून काढते. एकेक बाजू दोन ते अडीच तास, आणि शेवटचा तास अखंड हिसके. चालणं थोडंच असतं, त्यामुळे गुडघ्यांना तितका त्रास नाही; त्रास पाठीला आणि मानेला होतो. सासूबाईंना कण्याचा काही आजार असेल तर त्यांना नेऊ नका. तुम्ही दोघांनी व्हॉलंटियर पॉइंट आणि त्यांनी जहाजाच्या गटाबरोबर ब्लफ कोव्ह, असं विभागून जाता येईल, पण परक्या ठिकाणी त्या एकट्या पडणार असतील तर मी म्हणेन तिघांनी मिळून ब्लफ कोव्हच घ्या. जेंटू पाहून कोणी निराश होऊन परतलेला मी पाहिला नाही.

जहाजाकडून की स्थानिकांकडून? हे बंदरातल्या तासांवर ठरवा. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. व्हॉलंटियर पॉइंटला जाऊन येऊन सहा-सात तास मोडतात. टेंडरच्या रांगेत सकाळचा तास जातो, आणि शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. नांगर टाकल्यापासून सुटेपर्यंत नऊ तास नसतील तर स्थानिक गाडीने तिकडे जाण्याचा धोका पत्करू नका. ब्लफ कोव्ह मात्र कोणाकडूनही निर्धास्त घ्या. स्थानिक चालकांशी बोलताना दोन गोष्टी पक्क्या करा : जहाज आलंच नाही किंवा टेंडर सुटल्या नाहीत तर पैसे पूर्ण परत मिळणार का, आणि एका गाडीत किती माणसं बसणार. यांपैकी एकाच्याही उत्तरात टाळाटाळ दिसली तर दुसरा माणूस शोधा.

पैशांचं म्हणाल तर फॉकलंडचा पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा आहे आणि ब्रिटिश नोटा सर्रास चालतात. मोड मात्र ब्रिटिश पौंडांतच मागून घ्या, कारण फॉकलंडच्या नोटा पुढे कुठे खपत नाहीत.

कपड्यांत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वारा अडवणारं जाकीट आणि पाणी न शिरणारी पँट. थंडी फार नसते, वारा हाड गोठवतो. त्याच वेळी ऊन कडक असतं, तेव्हा सनस्क्रीन लावाच. बुटांचे तळवे प्रत्येक ठिकाणी जायच्या आधी आणि नंतर घासून धुवा. 2023 साली बर्ड फ्लू त्या बेटांपर्यंत पोचला, आणि आपल्या बुटांवरची घाण एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत जाऊ द्यायची नाही. बिळांच्या आसपास आखलेली वाट सोडू नका, वरून पाय पडला तर छत खाली बसतं आणि आत पिल्लू असतं.

व्हॉलंटियर पॉइंटच्या गाड्या सर्वांत आधी भरतात. ठरलं असेल तर आजच लिहून विचारा, पण त्याआधी सासूबाईंना पाठीचं विचारा. आणि स्टॅन्लीला जहाज किती वाजता येतं-सुटतं ते इथे टाका, मी तासांचा हिशेब मांडून देतो.