उंट फुकट का जातो?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर पायथन शिकलो आणि बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. तो तीन चाली पुढचं बघतो : आपली, समोरच्याची, परत आपली. तरीही उंटाने प्यादं मारतो, समोरचा घोडा उंट मारतो आणि मग आमचा वजीर काही न करता मागे फिरतो. तीनऐवजी चार चाली बघायला लावू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : चारचा मोह आवरा. तुमचा प्रोग्रॅम वेडा नाही. व्यवहार अर्धा असतानाच वही मिटतो, एवढंच. बँकेत तुम्ही हे चालवून घेतलं असतंत का?

त्याचा हिशेब बघा. उंटाने प्यादं मारलं, अधिक १. घोड्याने उंट मारला, उणे ३. वजिराने घोडा मारला, अधिक ३. तीन चाली संपल्या, एक प्यादं फायदा. त्या घोड्याला प्याद्याचा जोर आहे आणि ९ गुणांचा वजीर जाणार आहे, हे चौथ्या चालीत दडलेलं. उंट गेल्यावर तो नव्याने तीन चाली मोजतो, तेव्हा कुठे हे दिसतं आणि स्वारी शेपूट घालते.

चार केल्यात तर शेवटची चाल समोरच्याची. आपलं जोरातलं मोहरं त्याने मारलं की हिशेब बंद. आपण परत मारू हे दिसणारच नाही. प्रोग्रॅम भित्रा होईल. शिवाय एका स्थितीत साधारण ३५ चाली धरल्या, तर छाटणीशिवाय (म्हणजे निरुपयोगी चाली वगळल्याशिवाय) काम ३५ पट वाढेल.

तिसऱ्या चालीनंतर फक्त मारामारीच्या चाली बघत राहा, पट शांत होईपर्यंत. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगच्या पद्धतीतही हे होतं. १९५२ साली ॲलिक ग्लेनी या संगणकतज्ज्ञाशी खेळताना ते स्वतःच यंत्र झाले, कागदावर आकडेमोड करत एकेक चाल काढली. डाव हरले, ते सोडा.

यात मी कसा आपटलो तेही सांगतो. १९९४, हॉस्टेल, सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं टर्बो सी. मारामारी पुढे बघायला लावली, पण ‘न मारता थांबलो तर किती गुण’ हे विचारायलाच विसरलो. त्यामुळे वजिराने प्यादं मारणं एवढा एकच मार शिल्लक असला, तरी तो मारावाच लागे. जवळजवळ प्रत्येक पटावर आपला वजीर गेलाच, अशी गड्याची समजूत. दोन रात्री गेल्या त्यात. तुम्ही ती एक ओळ विसरू नका.

आणि हो, हे सगळं करण्याआधी चाली बरोबर तयार होतात का ते मोजा. सुरुवातीच्या पटावरून एक चाल खोल गेल्यास २० चालक्रम, दोन ४००, तीन ८,९०२, चार १,९७,२८१. एकाचाही फरक आला तर आधी तो शोधा, उंटाचं नंतर. किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) मात्र या मोजणीत येतच नाही. सुरुवातीपासून तो सातव्या चालीआधी शक्यच नसतो. त्यासाठी राजा आणि हत्ती यांच्यामधली घरं मोकळी असलेला वेगळा पट मांडा.