वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मूल आणि नवखे शिक्षक

प्रश्न : बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, मला सातवीचा ४५ मुलांचा वर्ग मिळाला आहे. त्यात एक अल्पदृष्टी मुलगा आणि अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनात अडचण) असलेली एक मुलगी आहे. माझं विशेष बी.एड. झालेलं नाही. ही मुलं विशेष शाळेतच बरी, असं मला वाटतं. हे चूक आहे का?
– एक छात्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : असं वाटणारे पुष्कळ आहेत. समावेशक शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांनी इतरांबरोबर एकाच वर्गात शिकणं, तत्त्व म्हणून सगळ्यांना पटतं, स्वतःच्या तासाला पाय लटपटतात. पण मूल कुठे शिकणार, हा निर्णय तुमचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तेव्हा कामाचं बोलू.

अल्पदृष्टी मुलाला आधी विचारा. तीन-चार बाकांवर बसवून बघा, फळा कुठून वाचता येतो ते तोच सांगेल. पहिला बाक दरवेळी योग्य ठरतोच असं नाही; खिडकीचा उजेड डोळ्यांवर आला किंवा फळा चकाकला की तिथूनही काही दिसत नाही. फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने म्हणा, आणि ‘हे इथे मिळवा’ऐवजी ‘तीन चतुर्थांशात अर्धा मिळवा’ असं बोला. छापील मजकूर १८ पॉइंट किंवा त्याहून मोठा, ठळक, चकाकी नसलेल्या कागदावर. नकाशा नुसता झेरॉक्सवर मोठा करू नका, गर्दीही मोठी होते. जाड बाह्यरेषा काढा आणि त्या तासाला लागणारी पाच-सहा नावंच ठेवा. वही नाकाला लावून वाचत असेल तर रागावू नका, त्याने डोळे बिघडत नाहीत.

मुलीला अचानक उभं करून प्रकट वाचन देऊ नका. उतारा आदल्या दिवशी सांगा. अख्खा फळा उतरवायला लावण्याऐवजी मुख्य चार ओळी पुरेत. विज्ञानाच्या उत्तरात आशयाचे गुण द्या, शुद्धलेखन वेगळं तपासा, काही प्रश्न तोंडी घ्या. इथे नवखे हमखास घसरतात : तिसरीचा सोपा धडा देतात, किंवा वाईट वाटेल म्हणून काहीच विचारत नाहीत. वाचनाचा भार कमी करायचा, विचाराचा नाही. ती सातवीचीच आहे.

पाठ टाचणात ‘दिव्यांग विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष दिले जाईल’ हे वाक्य सर्रास असतं. ते खोडा. कोणत्या टप्प्यावर, कोणासाठी, काय बदलणार ते लिहा. दोन ओळी पुरतात. तरीही अडलं तर मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा. ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम म्हणू नका, ‘अपूर्णांकांची बेरीज मांडताना अंक खालीवर होतात, काय करू?’ असं विचारा.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना महाविद्यालयात फिरवतो. संवेदनशीलता वाढते का?
– एक प्राध्यापक

उत्तर : कणव वाढते. पट्टी बांधल्यावर पहिल्या दहा मिनिटांचा गोंधळ अनुभवाला येतो. ब्रेल, पांढरी काठी, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) यांनी कमावलेलं कौशल्य त्यात कुठेच नसतं. ‘बिचारे’ हा शब्द तिथूनच पक्का होतो. त्याऐवजी एखाद्या अंध शिक्षकाला मानधन देऊन बोलवा, आणि अध्यापनावरच बोलायला सांगा. जीवनसंघर्षावर नको.

प्रश्न : आंतरवासितेच्या आधी आणि नंतर छात्राध्यापकांचं समावेशक शिक्षणाबद्दलचं वृत्तीमापन केलं. नंतर ‘चिंता’ वाढलेली दिसली. आमचं शिक्षण फसलं का?
– एक अध्यापकशिक्षक

उत्तर : आधी गुणांकन तपासा. समावेशक शिक्षणाबद्दल शिक्षकांना काय वाटतं हे मोजणाऱ्या १५ विधानांच्या ‘सॅसी-आर’ मापनीत भावना, वृत्ती आणि चिंता असे तीन भाग असून भावना व चिंतेच्या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात. ते राहिलं की आकडे उलटेच बोलतात. आणि एकूण बेरीज पाहू नका, तिन्ही भाग वेगळे मांडा.

गुणांकन बरोबर असेल तर बहुधा घाबरण्याचं कारण नाही. वर्ग न पाहिलेल्याला कसली चिंता? प्रत्यक्ष मूल समोर आलं की वेळ, साधनं, मदत कमी पडते हे कळतं. वृत्ती टिकून चिंता वाढली असेल तर तुमच्याकडे मागण्यांची यादी तयार आहे. वृत्तीही घसरली असेल, तर त्यांना विनाआधार वर्गात सोडलं गेलं होतं का ते पाहा. मुलाच्या नुसत्या सहवासाने मत सुधारत नाही. आपण शिकवलेलं त्याला आलं, हे दिसावं लागतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या बी.एड. नियमावलीत शाळेतल्या कामाला २० आठवडे आहेत, अभ्यासक्रम आराखड्यात ‘समावेशक शाळा’ या विषयाला मात्र अर्धाच पेपर. तेव्हा त्या आठवड्यांतच प्रत्येकाला एक मूल, एक उद्दिष्ट द्या आणि दर आठवड्याला वही तपासा.

मापनीवर नाव घेऊ नका. अंतर्गत गुण तुमच्याच हातात असल्यावर खरं कोण लिहील? आधीचा आणि नंतरचा कागद जुळवायला प्रत्येकाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक निवडू द्या.