चीनमधलं नोंदणीकृत चर्च सरकारच्या मुठीत असेल, तर परदेशी मंडळ्या (चर्चसंस्था) त्याच्याशी भागीदारी का करतात?

तुमच्या प्रश्नातली शंका रास्त आहे. अंकुश खराच आहे. पण भागीदारीही खरी आहे, आणि ती चिनी ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या अटींवर उभी केली म्हणून मला तिचं मोल वाटतं.

1948 साली अॅमस्टरडॅमला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरच्या चर्चच्या संघटनेची स्थापना झाली, तेव्हा चिनी मंडळ्या संस्थापकांत होत्या आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक झाओ झिचेन सहा अध्यक्षांपैकी एक होते. पुढे कोरियन युद्धात कौन्सिलने चीनचा मित्र असलेल्या उत्तर कोरियाचा निषेध केला आणि 1951 मध्ये झाओंनी पद सोडलं. परदेशी मिशनरी मायदेशी परतले, माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत चर्चना कुलपं लागली. 1979 पासून ती पुन्हा उघडू लागली. नोंदणीकृत प्रोटेस्टंट चर्चची संघटना असलेली चायना ख्रिश्चन कौन्सिल वर्ल्ड कौन्सिलमध्ये आली ती थेट 1991 ला, कॅनबेराच्या अधिवेशनात.

मधल्या काळात, 1985 मध्ये, बिशप डिंग ग्वांगशुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नानजिंगला अॅमिटी फाउंडेशन ही समाजसेवी संस्था काढली. बाहेरच्या मंडळ्यांना माणसं आणि पैसा पाठवायचा होता. अॅमिटीने सांगितलं, या, पण मिशनरी म्हणून नको. मग जे आले, त्यांतले कितीतरी लहान शहरांतल्या अध्यापक महाविद्यालयांत इंग्रजी शिकवू लागले. वर्गात धर्मप्रचार करायचा नाही, ही अट होती. मला ही अट अपमानाची वाटत नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, एवढंच त्यात आहे.

छापखान्याची गोष्ट तर आवर्जून सांगण्यासारखी आहे. सांस्कृतिक क्रांतीत बायबलं जप्त झाली, जाळली गेली, तेव्हा लोक वचनं हाताने वहीत उतरवून ठेवत. त्याच देशात युनायटेड बायबल सोसायटीज या बायबल संस्थांच्या जागतिक संघाच्या भागीदारीत अॅमिटीचा छापखाना सुरू झाला. यंत्रसामग्री बाहेरून आली. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या बायबलच्या पातळ कागदाचा खर्चही सोसायटीज उचलत आल्या, म्हणून खेड्यातल्या माणसाला ते परवडतं. एकूण छपाईने 2012 मध्ये 10 कोटींचा आणि 2019 मध्ये 20 कोटींचा टप्पा गाठला. यात निर्यातीच्या प्रतीही धरल्या आहेत.

'स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार' हे चीनमधल्या नोंदणीकृत चर्चचं ब्रीद कम्युनिस्टांच्या डोक्यातून निघालं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते 19 व्या शतकातले मिशनरी संस्थांचे सचिव हेन्री व्हेन (इंग्लंड) आणि रुफस अँडरसन (अमेरिका) यांचं सूत्र. अँडरसन ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव होते, तिचंच मराठी मिशन अहमदनगरला होतं. 1854-55 च्या भारत दौऱ्यात ते तिथे आले आणि मंडळ्यांना देशी पाळक हवेत हा आग्रह त्यांनी धरला. म्हणजे आपल्या नगरच्या मंडळीची आणि चिनी मंडळीची ही शिदोरी एकच. फरक इतकाच की चीनमध्ये राज्यसत्तेने हे सूत्र आपल्या दावणीला बांधलं.

आणि तिथेच माझी तक्रार आहे. झेजियांग प्रांतात 2014 पासून कितीतरी चर्चवरचे क्रूस उतरवले गेले, त्यांत नोंदणीकृत चर्चही होती. 2018 मध्ये ऑनलाइन दुकानांतून बायबल काढलं गेलं. चेंगदूच्या नोंदणी नसलेल्या मंडळीचे पाळक वांग यी यांना 2019 च्या अखेरीस नऊ वर्षांची शिक्षा झाली. नानजिंगला जाणाऱ्या परदेशी शिष्टमंडळांनी अॅमिटीचं काम जरूर पाहावं, यजमानांचा मानही राखावा. पण वांग यींचं नाव तिथल्या अधिकाऱ्यांपुढे काढल्याशिवाय परतू नये.