गुगलवर कितीही शोधलं तरी वरवरचे लेखच येतात. नेमकी माहिती कशी शोधावी?

तासभर शोधूनही ‘दहा सोपे उपाय’ छापाचेच लेख समोर येतात, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुतेक वेळा शोधायला टाकलेल्या शब्दांत असतो. आपण प्रश्न जसाच्या तसा टाइप करतो, पण जाणकाराने लिहिलेल्या पानावर तो प्रश्न नसतो, उत्तर असतं. त्याने कोणते शब्द वापरले असतील याचा अंदाज बांधा आणि तेच टाका.

समजा, वॉशिंग मशीनमध्ये पाणी साचून राहतंय. ‘मशीनमधलं पाणी जात नाही काय करू’ असं टाकलं तर जाहिराती आणि मोघम सल्ले मिळतील. त्याऐवजी मशीनच्या मागे किंवा दाराच्या कडेला स्टिकरवर असलेला मॉडेल नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. त्यापुढे डिस्प्लेवर दिसणारा एरर कोड (बिघाडाचा क्रमांक) आणि ‘ड्रेन पंप’, म्हणजे पाणी बाहेर टाकणारा पंप. आता ‘ड्रेन पंप’ हा शब्दच ठाऊक नसेल तर? मग पहिला शोध त्यासाठीच खर्ची घाला. दोन-तीन पानं चाळायची ती उत्तरासाठी नव्हे, त्या कामातले शब्द उचलण्यासाठी. नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

शब्द हाती आले की शेवटी फाइलटाइप, कोलन, पीडीएफ असं जोडा, म्हणजे filetype:pdf. हे रोमन लिपीत आणि कोलनच्या आधी-नंतर जागा न सोडता. जागा सुटली तर गुगल तो साधा शब्द समजतं. कंपनीचं मॅन्युअल नेटवर असेल तर ते वर येण्याची शक्यता बरीच वाढते. ८० पानं वाचत बसू नका, कंट्रोल आणि एफ दाबून कोड शोधा. काहीच सापडलं नाही, तर फाइल स्कॅन केलेली असू शकते. अशा फाइलमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचे फोटो असतात. तिथे अनुक्रमणिका गाठण्याला पर्याय नाही.

याच पद्धतीने साइट, कोलन आणि संकेतस्थळाचा पत्ता टाकला की शोध तेवढ्याच संकेतस्थळापुरता राहतो. अनेक संस्थांच्या स्वतःच्या शोधपेटीपेक्षा हे चांगलं चालतं. नको असलेला शब्द वजा चिन्ह लावून काढता येतो. पायथन ही संगणकाची भाषाही आहे; तुम्हाला अजगर हवा असेल, तर ‘पायथन -प्रोग्रॅमिंग’. वजाच्या आधी जागा हवी, नंतर नको. उलटं झालं की उपयोग शून्य.

निकालाखाली ‘मिसिंग’ असं लिहून तुमचाच एखादा शब्द खोडलेला दिसला, तर गुगलने तो सोडून दिलाय. त्याला अवतरणचिन्हं लावा, किंवा टूल्समध्ये जाऊन ‘ऑल रिझल्ट्स’च्या जागी ‘व्हर्बॅटिम’ (शब्दशः) निवडा. मात्र मराठीत अवतरणचिन्हं जपून वापरा. ‘विम्याचा दावा’ असं बांधून टाकलं की ‘विम्याच्या दाव्याची’ असं लिहिलेलं पान हातचं जातं. शिवाय युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमधल्या अनेक पीडीएफ वाचताना मराठी दिसतात, आत साठवलेली अक्षरं मात्र वेगळीच असतात. अशा फाइली मराठी शब्दांनी सहसा सापडत नाहीत. फाइलच्या नावात असू शकणारे रोमन शब्द टाकून बघा.

वर येणारा एआय सारांश शब्द मिळवायला ठीक आहे, पण आकडा, औषधाचा डोस किंवा नियम त्यातून उचलू नका. खालचा दुवा उघडून तिथे खरंच तसं लिहिलंय का ते बघा. निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ निवडलं की सारांश जातो, नुसते दुवे उरतात.

एखादी गोष्ट दहा ठिकाणी सापडली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातलं आठ-दहा शब्दांचं एक वाक्य उचला आणि अवतरणचिन्हांत टाका. दहाही ठिकाणी तेच वाक्य निघालं तर तो एकच स्रोत, बाकी नऊ नकला. सगळ्यात जुनी तारीख असलेलं पान आधी उघडा. तारखेवरही डोळे झाकून विश्वास नको, कारण मजकुराला हात न लावता ती बदलता येते. दुवा मेलेला निघाला तर पत्ता कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. पानाची जुनी प्रत जतन झाली असेल तर तारखेनिशी मिळते.