चार वर्षांच्या मुलाला घरी खेळता खेळता मराठी अक्षरं कशी शिकवायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ज्युनिअर केजीत आहे, इंग्रजी माध्यम, शाळेत फोनिक्स सुरू झालंय, राहायला कोपरखैरण्याला, आणि घरी मुळाक्षरांचा तक्ता काढला की तो पळून जातो. पळू द्या. माझी लेकही पळायची. मी शिक्षक नाही, घणसोली गावातला एक बाप आहे. त्यामुळे आमच्या घरात जे चाललं तेवढंच सांगतो.

तक्ता आधी गुंडाळून कपाटावर टाका. त्यातला अननस आमच्या घरी वर्षातून एकदा येतो आणि बाण लेकीने फक्त टीव्हीवर पाहिला होता. शिवाय तक्ता डोळ्यांपासून सुरू होतो, पोरं मात्र कानापासून सुरू होतात. आम्ही पहिले दोन-तीन महिने एकही अक्षर दाखवलं नाही. नुसता आवाजाचा खेळ. "मला या खोलीत एक वस्तू दिसतेय, तिचं नाव 'च'ने सुरू होतं." ती चमचा म्हणाली, चाक म्हणाली. मी चहाच्या कपाकडे बोट दाखवलं तर म्हणे, "हा नाही, हा वेगळा च आहे." आणि बरोबरच होतं तिचं! चमच्याचा च दातांशी, चहाचा च टाळूशी. जागा आणि जीभ यांतल्या 'ज'चंही तेच. आपण अख्खं आयुष्य दोन्ही बोलतो, लक्ष कधी जात नाही. असं काही पोराने पकडलं की समजायचं, कान तयार झाला.

जिना चढताना शब्द तोडायचे, एका तुकड्याला एक पायरी. टो-मॅ-टो, तीन पायऱ्या. तुमच्या गावाचं नाव घेऊन बघा: को-पर-खैर-णे, चार पायऱ्या. लिहिताना मात्र अक्षरं सहा. हा फरक पुढे वाचताना नडतो, म्हणून आताच सांगून ठेवतो. मराठीत एक मोठी सोय आहे, 'क'चं नाव आणि 'क'चा आवाज एकच. इंग्रजीसारखं नाव 'एच' आणि आवाज 'ह' असा घोळ नाही. पण प्रत्येक अक्षराच्या पोटात एक 'अ' असतो आणि तो शब्दाच्या शेवटी आपण बोलताना गिळतो. लेकीला मी कार्डावर 'बस' लिहून दिलं. तिने एकेक अक्षर लांबवत वाचलं, बऽऽ सऽऽ, स्वतःच ऐकलं, आणि खाली बसली. "बसले, पुढे?" त्यानंतर आमचा नियम ठरला, एकदा हळू म्हणायचं आणि मग लगेच पळत पळत म्हणायचं. पळताना तो शेवटचा 'अ' आपोआप गळतो.

अक्षर प्रत्यक्ष आलं ते परातीत. आमच्या आगरी घरात रोज तांदळाच्या भाकऱ्या होतात. आईचं थापून झालं की परातीत पिठाचा पातळ थर उरतो. त्यात बोटाने म काढायचा, कारण तिचं नाव म-ने सुरू होतं. चुकलं की परात हलवायची, पाटी कोरी. खोडरबर नाही, लाल शाई नाही. पूर्वी धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवायचे ते याहून वेगळं काय होतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेही शंख-शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवर. त्यामुळे महागडा लाकडी अक्षरसंच आणलाच पाहिजे असं काही नाही. आम्ही आणला होता. त्यातला 'ध' सोफ्याखाली गेला तो अजून तिथेच आहे.

अक्षरं कुठली आधी? 'ग म भ न' हा जुना क्रम हाताला वळण लावायला चांगला, पण ओळख करून देताना म आणि भ शेजारी शेजारी आणू नका, घ-ध आणि ब-व यांचंही तसंच. आमची पहिली चार होती म, क, न, ब. ही चार आली की आइस्क्रीमची काडी घ्या. काडी अक्षराच्या उजवीकडे उभी ठेवली की झाला काना. काका, मामा, नाना, बाबा, कान, नाक, काम, मका... चार अक्षरं आणि एक काडी यांत अर्धं खानदान वाचता येतं. लेक संध्याकाळभर काडी लावत-काढत बसली होती. वेलांट्यांची घाई करू नका. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, त्यात सगळीच पोरं अडखळतात.

ळ आणि ण यांनी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे 'कशाने सुरू होतं'च्या खेळात ते कधी येतच नाहीत. त्यासाठी गावांच्या भेंड्या खेळा, तिथे शेवट ऐकावा लागतो. आमच्याकडे आणखी एक गंमत. माझी आई 'पानी' म्हणते, 'डोला' म्हणते. लेकीने एकदा तिला टोकलं, तेव्हा मी लेकीला सांगितलं की आजीचं बरोबर आहे, ती आगरी बोलते, पुस्तक दुसरं बोलतं. चार वर्षांच्या पोराला दोन्ही झेपतं. ळ तिला शेवटी सापडला ठाण्याला जाताना, रबाळे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर. "बाबा, चष्मा!" ती ओरडली. तेव्हापासून प्रत्येक पाटीवर चष्म्याची शिकार चालते. तुमच्या मार्गावर पाट्या भरपूर आहेत, खिडकीची जागा पकडा.

पेन्सिल एवढ्यात देऊ नका, बोटात ताकद यायची आहे. कणीक मळायला द्या, शेंगा सोलायला द्या. आणि खेळ दहा मिनिटांचाच, तो "अजून एकदा" म्हणत असताना थांबवायचा.

एक खर्च मात्र धरून चला. व, ड, प ही अक्षरं आणि काना आला की पोराला 'वडापाव' वाचता येतो, आणि ती पाटी नव्या मुंबईत दर पन्नास पावलांवर आहे. आमचा करार आहे की स्वतः वाचला तरच मिळेल. आठवड्याला दोन होतातच.