फ्लॅग बंद केला, तरी झालेले व्यवहार राहतात

वाचकांचे प्रश्न : बँकिंग सॉफ्टवेअर आणि फीचर फ्लॅग

प्रश्न : निधी हस्तांतरणाचे नवे मॉड्यूल आम्ही फीचर फ्लॅगमागे (नवा कोड चालू-बंद करणाऱ्या स्विचमागे) ठेवले आहे. बिघडले तर फ्लॅग बंद करू, रोलबॅकची (मागे फिरण्याची) वेगळी योजना कशाला, असे वरिष्ठ म्हणतात. एवढे पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. फ्लॅग बंद केला की पुढच्या विनंत्या जुन्या कोडकडे वळतात, इतकेच. तोवर नव्या कोडने घातलेल्या नोंदी, कापलेले शुल्क, दुसऱ्या बँकेकडे गेलेले संदेश तसेच राहतात. म्हणून आधी एक गोष्ट तपासा : नव्या कोडने लिहिलेले जुन्या कोडला वाचता येते का?

समजा, नव्या मॉड्यूलने व्यवहाराला 'अंशतः जमा' अशी नवी स्थिती दिली. फ्लॅग बंद होताच ती नोंद जुन्या कोडपुढे येते. त्याला ती ओळखता येत नाही, मग दिवसअखेरची बॅच (सगळ्या व्यवहारांवरची एकत्र प्रक्रिया) अडते. बॅच अडली तर निदान कळते तरी. ती नोंद गुपचूप वगळली गेली तर फरक ताळमेळात उशिरा सापडतो. उपाय क्रमात आहे. पहिल्या रिलीजमध्ये जुन्या कोडला नवी स्थिती फक्त वाचायला शिकवा आणि डेटाबेसमध्ये नवा कॉलम रिकामा चालेल असा जोडा. हे सगळ्या सर्व्हरवर पोचल्याची खात्री झाल्यावरच, पुढच्या रिलीजमध्ये, लिहिणारा कोड फ्लॅगमागे आणा. जुना कॉलम काढण्याची घाई करू नका. ते काम सर्वांत शेवटी.

दुसरा धोका अर्ध्यावरच्या व्यवहारांचा. रक्कम एका खात्यावर नावे (डेबिट) टाकताना फ्लॅग चालू आणि दुसऱ्यात जमा करताना बंद, असे झाले तर एकाच व्यवहाराचे दोन भाग दोन वेगळ्या नियमांनी होतात. फ्लॅग व्यवहाराच्या सुरुवातीला एकदाच वाचा, मिळालेले मूल्य व्यवहाराच्या नोंदीतच साठवा आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात, रिट्राय (पुन्हा केलेला प्रयत्न) व बॅचसकट, तेच वापरा. याचा आणखी एक उपयोग होतो : नव्या मार्गाने गेलेले व्यवहार एका क्वेरीत मिळतात. दुरुस्तीच्या उलट नोंदी घालायची वेळ आली की पहिल्यांदा हीच यादी लागते.

प्रश्न : १ टक्का ग्राहकांना नवी सुविधा दिली, पण एकाच ग्राहकाला ती कधी दिसते, कधी नाही. असे का?

उत्तर : बहुधा प्रत्येक विनंतीला नवा यादृच्छिक आकडा काढला जात असावा. त्याऐवजी खाते क्रमांक आणि फ्लॅगचे नाव जोडून हॅश (त्याच मजकुरासाठी नेहमी तोच येणारा आकडा) काढा, १०० ने भागा आणि बाकी ठरवलेल्या टक्क्याहून कमी असेल तरच नवा मार्ग द्या. टक्का वाढवला तरी आधीचे लोक आतच राहतात. फ्लॅगचे नाव जोडले नाही, तर प्रत्येक नव्या सुविधेचा पहिला प्रयोग त्याच त्या ग्राहकांवर होत राहतो. व्याज किंवा शुल्काचा नियम असेल तर खाते क्रमांकच घ्या. ग्राहक क्रमांक घेतला तर संयुक्त खात्याच्या दोन धारकांना दोन नियम लागू शकतात. फक्त पडद्यावरचा बदल असेल, तर ग्राहक क्रमांक योग्य.

टप्पे साधारण असे : कर्मचाऱ्यांची खाती, मग १, ५, २५ आणि १०० टक्के. दोन टप्प्यांत किमान एक दिवसअखेर व तिचा ताळमेळ होऊ द्या. व्याजाचा बदल असेल तर महिनाअखेरही. एरर रेट पाहून समाधान मानू नका. चुकीची रक्कमही विनातक्रार, 'यशस्वी' म्हणून जमा होते. जमा-नावे फरक, दुबार संदर्भ क्रमांक आणि उचंत खात्यातली (न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यातली) शिल्लक यांवर नजर हवी.

प्रश्न : जुना, न वापरलेला फ्लॅग नव्या कामासाठी वापरला तर चालेल?

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने तेच केले होते. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोचलेला नव्हता. नव्या कामासाठी पुन्हा वापरलेल्या फ्लॅगने त्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' हा २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा केला आणि तो ऑर्डर पाठवत सुटला. गोंधळात बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढण्यात आला, तेव्हा तिथेही जुनाच कोड चालू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. म्हणून प्रत्येक फ्लॅगला नवे नाव, एक जबाबदार व्यक्ती आणि मुदत द्या. मुदत संपली की बिल्डच (कोडपासून सॉफ्टवेअर तयार होणेच) फेल होऊ द्या. काम झाले की फ्लॅगबरोबर त्यामागचा मृत कोडही काढा.

प्रश्न : फ्लॅग पुरवणारी सेवाच बंद पडली तर? आणि फ्लॅग बदलण्याचा अधिकार कोणाला द्यावा?

उत्तर : प्रत्येक सर्व्हरने शेवटचे मिळालेले मूल्य स्वतःच्या डिस्कवर ठेवावे. तेही नसेल तर नवी सुविधा बंद धरावी. सर्व्हर दर ३० सेकंदांनी मूल्य विचारत असतील, तर आणीबाणीत बंद करतानाही तेवढा वेळ जाणार, हे गृहीत धरा. फ्लॅग चालू करायला किंवा टक्का वाढवायला मेकर-चेकर (एकाने बदल करायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा) हवेच. कोणी, कधी, का बदलले याची नोंदही. फक्त बंद करण्याचा अधिकार ड्युटीवरच्या एकट्या माणसाला द्या आणि मंजुरी मागाहून घ्या. मात्र जो फ्लॅग बंद केल्याने फसवणूक तपासणी किंवा रक्कम मर्यादा उठते, त्याला ही सवलत नको.