कॅन्सरच्या कामात इंजिनिअर काय करणार?

प्रश्न: माझी मुलगी बायोटेक इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, तिला कॅन्सर रिसर्चमध्ये जायचंय. घरचे म्हणतात, मग मेडिकलच का नाही घेतलं? मलाही उत्तर सुचत नाही. – एक आई, चाळीसगाव

उत्तर: ताई, आपल्या मुंबईचंच उदाहरण सांगते, ते घरी सगळ्यांना वाचून दाखवा. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल, दोघांनी मिळून नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढायला लावणारी ट्रीटमेंट, उभी केली. आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या टीमने डिझाइन केलं, टाटाच्या डॉक्टरांनी ट्रायल घेतल्या. पहिला पेशंट जून २०२१ मध्ये, खारघरला. २०२३ ला सरकारी मंजुरी मिळाली.

यात होतं काय, तर पेशंटचं रक्त काही तास मशीनमधून फिरवतात, मशीन पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. मग त्यातल्या टी-पेशींमध्ये (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लॅबमध्ये व्हायरसच्या मदतीने नवीन जीन घालतात, म्हणजे त्यांना कॅन्सरच्या पेशीवरचं सीडी१९ प्रोटीन ओळखता येतं. त्या पेशी वाढवायच्या, तपासायच्या, गोठवून हॉस्पिटलला पाठवायच्या आणि तिथे पिशवी कोमट पाण्यात वितळवून सलाइनसारखी चढवायची. पिशवीवरचं नाव दहादा बघतात, कारण ते औषध त्या एकाच माणसाचं असतं, दुसऱ्याला चालतच नाही.

आता सांगा, यातलं किती काम डॉक्टरचं आणि किती इंजिनिअरचं? मला तर रेघ मारताच येत नाही. पेशी चढवल्यावर पेशंटला ताप किती चढला, बीपी कधी पडलं हे डॉक्टरने सांगायचं, आणि त्रास कमी होईल असं डिझाइन लॅबने करायचं. परदेशात ही ट्रीटमेंट तीन-चार कोटींना पडते, इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आली, ती पेशी इथेच बनवता आल्या म्हणून. ही रक्कमही आपल्यासारख्यांना फार मोठी आहे, ती अजून खाली आणायचं काम तुमच्या मुलीच्या पिढीचंच आहे.

एक मात्र घरी स्पष्ट सांगा, ही थेरपी रक्ताच्या काही ठराविक कॅन्सरलाच लागू पडते, आणि तिथेही सगळ्यांना गुण येतो असं नाही. ट्रायलमध्ये ५१ पैकी ३७ जणांना आला.

मुलीला म्हणावं, या सुट्टीत कुठल्याही सेल कल्चर लॅबमध्ये (जिथे शरीराबाहेर पेशी वाढवतात) इंटर्नशिप माग, इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, मनापासून वाच. हातमोजे घालून, हुडखाली (स्वच्छ हवेच्या बंदिस्त टेबलावर), बुरशी न लागू देता पेशी आठवडाभर जिवंत ठेवता आल्या पाहिजेत, सुरुवात तिथूनच होते.